दुरुस्तीची वही

सलमाबादला टायरवाल्याच्या डोक्यावर माझं दुकान.
पाटी अरबीत, तिच्याखाली इंग्रजीत.
मराठी फक्त या वहीत.

ऑगस्ट सत्त्याण्णव. अॅम्प्लिफायर एक, वास जळका.
मालक मुहन्ना, वय अठराच्या आत-बाहेर,
नखं काळी रंगवलेली, खिशात आईचे सात दिनार.
म्हणाला, उस्ताद, आवाज साफ करू नकोस.
ब्लॅक मेटल म्हणतात याला.
मला वाटलं, लोखंडाचा धंदा असेल घरचा.

हवा तो कपॅसिटर बाजारात मिळेना,
पंख्यातला काढून दाबून बसवला.
त्यानं तार छेडली
आणि ओहोटीनंतर उरतो तो पांढरा खारट चिखल,
वरून कोरडा, पाय टाकला की पापुद्रा मोडून
घोट्यापर्यंत गिळणारा,
तसला काहीतरी आवाज आला.
मी म्हटलं, चुकलंय, उद्या परत आण.
आणला नाही.
चार दिनार घेतले होते, तीन उधार.

त्या चिखलाचंच नाव घेतलं त्यांनी: सबखा.

ड्रमवर हूद. त्याच्या बापाचं मासळीचं कोल्ड स्टोरेज,
तिथं सराव, सुरमईच्या क्रेटांमध्ये.
बाहेर बेचाळीस डिग्री, आत तोंडातून वाफ.
फोटो पाहून कुठल्याशा बर्फाळ देशातल्या पोरांनी
पत्रातून विचारलं होतं म्हणे,
तुमच्याकडे एवढा हिवाळा आला कुठून?
बेसवर सिरिल, मंगळूरचा, विमा कंपनीत टायपिस्ट,
टाय सोडून खिशात घालायचा आणि मग वाजवायचा.

कॅसेटी दोनशे. माझ्याच डबल डेकवर काढल्या,
रमजानच्या दुपारी, शटर अर्धं ओढून.

दोन हजार एक. माइक तीन, पेडल दोन.
तक्रारीच्या रकान्यात: पोलिसांकडून परत, ओले.
कुणीतरी कळवलं होतं, हे सैतान पूजतात.
मी पाहिलंय ना. समोसे खायचे
आणि कव्हरवर कुणाचं नाव आधी यावरून भांडायचे.
सिरिलला चोवीस तासांत देश सोडायला लावला.
बेस इथं ठेवून गेला, एक टायही.

मग मुहन्नानं हूदचा मोठा ड्रम
सित्र्याच्या धक्क्यावरून पाण्यात ढकलला.
का, ते दोघांनी दोन तऱ्हांनी सांगितलं,
मी दोन्ही वेळा मान हलवली.
हूदनं दुसरा सबखा काढला.
पन्नास किलोमीटरचं बेट, त्यावर दोन सबखा,
आणि दोघांचं सामान दुरुस्तीला एकाच फळीवर.
तो येतो का रे इथं? हा विचारायचा.
तो येतो का? तोही.
नाही, म्हणायचो. धंदा आहे.

चारच्या जूननंतर मुहन्नाची नोंद नाही.
कुणी म्हणतं उत्तरेत कुठं बस चालवतो,
कुणी म्हणतं मुहर्रकात बांग देतो
आणि तो गळा ओळखू येतो.

गेल्या थंडीत दोन पोरं जिना चढून आली,
एक चिलीचा, एक पोलंडचा, दंडावर सबखा गोंदलेलं.
सांगत होती, तो आवाज जगभर शोधतात,
महागडी यंत्रं घेऊन मोजतात, जुळत नाही.
म्हटलं, पंख्याचा आहे.
त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं,
मी काही आयत सांगितल्यासारखं.
ड्रॉवरमध्ये तसले सहा पडलेत, बोललो नाही.

या मार्चात मुहन्नाची आई आली. टॅक्सीवाल्यानं वर चढवून दिला
तोच अॅम्प्लिफायर.
तक्रार काय, विचारलं.
म्हणाली, घरात जागा नाही.
तो कुठाय, हे मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

उघडला. कपॅसिटर फुगलाय, कधीही जाईल.
संध्याकाळी हूद आला, पिशवीत हमूर घेऊन.
उजव्या कानानं त्याला आता ऐकू येत नाही.
बटण दाबलं. काही वाजवलं नाही कुणी,
नुसती ती घरघर.
त्यानं उजवा कान जाळीला लावला
आणि तसाच राहिला,
पिशवीतून पाणी गळत माझ्या फरशीवर.

खालून टायरवाला ओरडला,
अरे, वर काय जळतंय?